सिस्टरची सही

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. ही वेळ मला घड्याळामुळे ठाऊक नाही, एका कागदामुळे ठाऊक आहे. पण त्या कागदाकडे नंतर येतो.

गेल्या वर्षी वडिलांना एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. वय एक्क्याऐंशी, जुलाबांनी पार गळून गेलेले. मी बेडशेजारच्या स्टुलावर बसलेलो. वॉर्डात तीसच्या वर पेशंट, आणि नाइटला दोन सिस्टर नि एक मावशी. कागदावरचा हिशेब जनरल वॉर्डात पाच-सहा पेशंटमागे एक परिचारिका असा सांगतो. कागदावरचे हिशेब रात्री झोपलेले असतात.

लॅबमधून फोन आला, पोटॅशियम उतरलंय. सिस्टरने वरच्या मजल्यावर आडव्या झालेल्या आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, उठवलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण हिचं उत्तर ऐकू आलं. "सर, कशात देऊ? आणि किती वेळात?" मग जरा शांतता. मग हिने दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि सावकाश म्हणाली, "परत सांगते सर. केसीएल एक अँप्यूल, पाचशे एनएसमध्ये, चार तासांत. बरोबर?" पलीकडून वैतागलेलं 'हो, हो' आलं. हिने केसपेपर ओढला, लिहिलं, वेळ टाकली, सही केली. दुसरीनेही खाली सही केली.

केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल, दिसायला साध्या पाण्याच्या अँप्यूलसारखीच असते. सलाइनमध्ये मिसळून हळूहळू सोडली तर ते औषध. पातळ न करता थेट शिरेत ढकलली तर हृदय बंद पडतं. तेव्हा 'कशात' आणि 'किती वेळात' हे दोन प्रश्न म्हणजे माझ्या वडिलांचा जीव होता. झोपमोड झालेल्या माणसाला ते विचारायचे आणि वर त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे, याला किती धाडस लागतं ते वॉर्डात काम केलेल्यालाच कळेल. जरा वेळाने मी तिला विचारलं, "सिस्टर, डॉक्टर चिडत नाहीत का?" ती ड्रिपचे थेंब मोजत होती. म्हणाली, "चिडतात ना काका. पण सकाळी ते म्हणाले, मी असं बोललोच नव्हतो, तर?"

त्या 'तर'वर मी पुढचे बरेच महिने घालवले. कायदे वाचले, निकाल वाचले, आणि आत्याला छळलं. माझी आत्या जिल्हा रुग्णालयातून अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाली आहे. तिच्याकडे आजही रजिस्ट्रेशनचं जुनं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या वर ठेवलेलं असतं. या सगळ्यातून एक गोष्ट समोर आली, तीच इथे सांगायची आहे. आपल्या कायद्याला परिचारिकेचा हात दिसतो. तिचा आवाज मात्र त्याला क्वचितच ऐकू येतो.

हात कसा दिसतो, ते आधी बघू.

डिसेंबर १९९३. नोएडातल्या एका रुग्णालयात टायफॉइड म्हणून एक लहान मुलगा दाखल झाला. काही दिवसांनी नर्सने वडिलांना एक इंजेक्शन आणायला सांगितलं, त्यांनी ते आणलं, तिने ते शिरेतून दिलं आणि मूल आईच्या मांडीवरच कोसळलं. इंजेक्शन होतं लॅरिआगो, म्हणजे क्लोरोक्विन, मलेरियावरचं. मुलाचा जीव वाचला, पण मेंदू कायमचा गेला. 'स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरज्योत अहलुवालिया' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९९८ मध्ये निकाल लागला. भरपाई मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना, त्यांच्या मनस्तापासाठी वेगळे, पाच लाख. आईवडीलही ग्राहकच ठरतात, हा मुद्दा त्या निकालाने पक्का केला, म्हणून वकील मंडळी तो आठवणीत ठेवतात.

मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जिने सुई टोचली ती पात्र परिचारिका नव्हतीच. कुठल्याही परिषदेकडे तिची नोंदणी नव्हती. पांढरा ड्रेस घातला होता एवढंच. आणि इंजेक्शन स्वतः द्यायचं सोडून तिला देऊ देणारा निवासी डॉक्टरही न्यायालयाने मोकळा सोडला नाही. म्हणजे दिवाणी बाजूला, भरपाईच्या बाजूला, कायदा हातामागचा खांदा शोधतो. रुग्णालयाने कुणाला नेमलं आणि त्या डॉक्टरने कुणावर काम टाकलं, हे विचारतो. ते बरंच आहे. आपल्या गावोगावच्या नर्सिंग होममध्ये आजही बारावी झालेल्या मुली सहा महिने 'शिकून' सिस्टर होतात, पेशंट त्यांना सिस्टरच म्हणतो आणि बिलातही 'नर्सिंग चार्जेस' लागतात. चार वर्षं घासून, परिषदेची नोंदणी घेऊन, दर पाच वर्षांनी तासांचे क्रेडिट गोळा करून ती नूतनीकरण करणारी मुलगी आणि ही मुलगी एकाच काउंटरमागे उभ्या असतात. चूक झाली की दोघींचं नाव एकच: 'नर्सचा हलगर्जीपणा'.

फौजदारी बाजू मात्र निराळी आहे, आणि तिथे मला राग येतो.

६ नोव्हेंबर २०२१. त्या दिवशी भाऊबीज होती. आत्या आमच्याकडे आली होती, वडिलांना ओवाळून झालं होतं, ताटात करंज्या होत्या. टीव्हीवर बातमी आली, नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग. मृतांचा आकडा दिवसभरात अकरावर गेला. घरातले सगळे हळहळत होते. आत्याने एकच प्रश्न विचारला: "ड्युटीवर किती जणी होत्या?" मला तेव्हा तो प्रश्न जरा रुक्ष वाटला. तीन दिवसांनी कळलं. पोलिसांनी अटक केली ती एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना. चौघीही बायका, चौघीही त्या वेळी कामावर असलेल्या. राज्यभरातल्या परिचारिकांनी निषेध केला. त्याच वर्षीच्या ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली होती. १७ बाळांपैकी १० गेली, ७ वाचली. तिथेही पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला.

त्या रात्री आणि त्या सकाळी त्या नेमक्या कुठे होत्या, काय करत होत्या, हे न्यायालयाने ठरवावं. त्यात मी पडत नाही. ज्यांची बाळं गेली त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे. पण वायरिंगचं टेंडर सिस्टर काढत नाही. फायर ऑडिटवर तिची सही नसते. छतात पाण्याचे फवारे बसवायचे की नाहीत, हे मेट्रनलाही कुणी विचारत नाही. तिची सही असते ती ड्युटीच्या हजेरीपटावर, आणि तपास सुरू होतो तो हजेरीपटापासून. आत्याच्या प्रश्नाचा अर्थ तो होता.

इथे कायद्यातली एक फट सांगायला हवी. ती वर्तमानपत्रांच्या नजरेतून बरीचशी निसटली. जुन्या भारतीय दंड संहितेत हलगर्जीपणाने मृत्यू घडवण्याचं कलम ३०४अ होतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. डॉक्टरांच्या संघटनेने आधीच आवाज उठवला होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत डॉक्टरांसाठी दुरुस्ती झाली: वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू झाला तर शिक्षा दोनच वर्षांपर्यंत. डॉक्टरांना ही सवलत मिळाली यात काही गैर नाही. हात थरथरत असलेला सर्जन कुणालाच नको. पण कलमाखालचं स्पष्टीकरण वाचा. सवलत कुणाला? राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी असलेल्या आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीला. परिचारिकेचं नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतं. तेव्हा एकाच बेडपाशी, एकाच पेशंटवर, एकाच मिनिटाला दोघांच्या हातून चूक झाली, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि सिस्टरला पाच.

अटकेचंही तसंच. ऑगस्ट २००५ मध्ये 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी त्याच शाखेतल्या तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं, आणि आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. शहाणपणाचं बोलणं आहे. पण भाषा डॉक्टरांची आहे. २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने परिचारिकांनाही तशीच ढाल मिळावी म्हणून राज्य सरकारला परिपत्रक काढायला सांगितलं. केरळातून परिचारिका साऱ्या जगात जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न घराघरातला आहे. आपल्याकडे तो घराबाहेर, नाइट ड्युटीवर असतो.

पगारावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथे दोनच ओळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये खासगी परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला लावली. तिने सांगितलं, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्या, आणि पन्नासच्या आतलं रुग्णालय असेल तरी वीस हजारांच्या खाली उतरू नका. तुमच्या ओळखीत एखादी नर्सिंग होममधली सिस्टर असेल तर तिला विचारून बघा.

आता नीतीचा प्रश्न. नर्सिंगच्या पुस्तकात 'नीतिशास्त्र' असं वेगळं प्रकरण असतं. वॉर्डात ते वेगळं काढता येत नाही. पोटात दुखतं म्हणून आलेली सोळा वर्षांची मुलगी. आई बाहेर बाकावर. मुलगी डॉक्टरला काही बोलत नाही, पण बीपी घेताना सिस्टरचा हात धरून सांगते की पाळी तीन महिने आलेली नाही, आणि कुणाला सांगू नका. अठराच्या आतली म्हणून पोक्सो लागू. त्या कायद्याचं कलम १९ म्हणतं, ज्याला कुणाला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसरीकडे, मुलीने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही परिचर्येची पहिली शिकवण. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या एका मोठ्या निकालात यावर वाट काढली: मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर पोलिसांना माहिती देताना तिचं नाव-गाव उघड न करण्याची मुभा. मुभा कुणाला? नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला. हात जिचा धरला होता, तिचा उल्लेख याही ओळीत नाही. ती काय करते? बहुतेक वेळा इन्चार्ज सिस्टरला सांगते, इन्चार्ज डॉक्टरला सांगते, आणि मुलगी पुढच्या वेळी कुणाचाच हात धरत नाही.

इथवर मी कायद्याला बहिरा म्हणत आलो. एकदा मात्र त्याने परिचारिकांचं ऐकलं. तो प्रसंग मुंबईतल्या परळचा आहे, आणि मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. तरी एका वेगळ्या बाजूने सांगतो.

अरुणा शानबाग. कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, महापालिकेच्या केईएममध्ये परिचारिका. काम होतं प्रयोगासाठी कुत्री ठेवलेल्या विभागात. तिथला सफाई कामगार कुत्र्यांचं खाणं चोरतो म्हणून तिने त्याला टोकलं होतं, असं त्या काळापासून सांगितलं जातं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी त्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती रक्तात पडलेली सापडली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती पुन्हा कधी बोलली नाही. खटला चालला तो चोरीचा आणि जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा; बलात्काराचं कलम लागलंच नाही. शिक्षा सात वर्षं.

आत्या त्या वर्षी मुंबईतच शिकत होती. परिचारिकांचा संप तिला आठवतो, आणि त्यानंतर कपडे बदलायला दोघी-दोघींनी जायचं, असं तिच्या मेट्रनने बजावलेलंही. "नियम आमच्यासाठी झाला," ती म्हणाली. "दिवा तिथल्या जिन्यात मी असेपर्यंत लागला नाही."

अरुणा पुढची एक्केचाळीस वर्षं केईएमच्या चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत होती. महापालिकेने ऐंशीच्या दशकात तिला हलवण्याचे प्रयत्न केले, तेव्हा परिचारिका आडव्या पडल्या. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिने ड्युटी बदलताना पेशंटांचा ओव्हर घेतला तसा अरुणाचाही घेतला. २०१० मध्ये मलेरिया झाल्यावर नळी घालावी लागली; तोवर तिला मऊ केलेलं अन्न तोंडाने भरवलं जायचं. तिला मासे आवडतात, चिकन सूप आवडतं, खोलीत फार माणसं आली की ती ओरडते, हे सगळं न्यायालयापुढे आलं. आणि एक गोष्ट आली जी वाचून आत्याने चष्मा काढून ठेवला: इतक्या वर्षांत अंगावर बेडसोअर नाही.

हे वाक्य साधं वाटतं. वडिलांना घरी आणल्यावर आत्या बघायला आली, तेव्हा तिने तब्येत विचारली नाही. म्हणाली, "पाठ दाखव." कूस वळवून कंबरेखालचं हाड बघितलं, टाचा बघितल्या, कोपरं बघितली. चादरीची एक घडी हाताने सपाट केली. "ही घडी रात्रभर राहिली तर सकाळी लाल होतं, आणि उद्या लाल झालेलं दहा दिवसांत हाडापर्यंत जातं." दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, पाठ चोळायची. पुस्तकातला हा नियम धरला तर एक्केचाळीस वर्षं आणि सहाएक महिन्यांचा हिशेब १ लाख ८० हजारांच्या वर जातो. एवढ्या वेळा कुणीतरी तिला कुशीवर वळवलं. त्याबद्दल कुणाला पदक मिळालं असेल तर माझ्या ऐकिवात नाही.

२००९ मध्ये लेखिका-पत्रकार पिंकी विराणी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या: तिला हे असं जगवणं थांबवा. ७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. देशात प्रथमच, ठराविक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवायची वाट त्याने उघडली. पण अरुणासाठी नाही. तिच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर न्यायालय म्हणालं की तो विराणींचा नाही, रात्रंदिवस तिची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं. वॉर्डात मिठाई वाटली गेली. एका निवृत्त परिचारिकेने तर बिनपगारी सेवा करायची तयारी आधीच दाखवली होती.

मला या निकालाचा अभिमान वाटतो आणि तो मला अस्वस्थही करतो. परिचारिकांचं प्रेम खरं होतं, त्यांची मेहनत त्या हिशेबाएवढी खरी होती. पण अरुणाला काय हवं होतं, याचं उत्तर त्यांच्या प्रेमात नव्हतं. विराणींनी विचारलेला प्रश्न क्रूर नव्हता. आत्याशी यावरून माझा वाद झाला. ती म्हणाली, "तुझ्यासाठी तो प्रश्न आहे. आमच्यासाठी ती बेडवरची पेशंट आहे, आणि दोन तास झालेत." १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने अरुणा गेली, हा वाद तिच्यापुरता संपला.

तिच्या नावाने उघडलेली वाट मात्र पुढे रुंद झाली. ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, उपचारांबाबतचं इच्छापत्र लिहून ठेवायची सोय दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये या सगळ्याची किचकट पद्धत थोडी सोपी झाली. आता निर्णय दोन वैद्यकीय मंडळं घेतात. दोन्ही मंडळांत कोण बसतं ते मी दोनदा वाचून बघितलं. उपचार करणारे डॉक्टर, तज्ज्ञ डॉक्टर, जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर. अरुणाच्या निकालात ज्यांचं ऐकलं गेलं, त्या परिचारिकांपैकी एकही नाही. मंडळाने ठरवल्यावर पंप बंद करणारा, नळी काढून तोंड पुसणारा आणि नातेवाइकांना आत बोलावणारा हात बहुधा सिस्टरचाच असेल.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. त्यात नीती आणि नोंदणी यांसाठी वेगळं मंडळ आहे. आत्याला मी ते उत्साहाने वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्यात रात्री फोनवर ऑर्डर देणाऱ्याने सकाळी येऊन सही करायची, असं आहे का?" मी पानं चाळली. मग म्हणालो, बघून सांगतो.

तो कागद राहिला. वडिलांच्या मेडिक्लेमसाठी रुग्णालयाकडून केसपेपरची झेरॉक्स मागितली. गठ्ठा मिळाला. तारखेवरून शोधत गेलो आणि ती ओळ सापडली: रात्री २.१०, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, परत वाचून दाखवलं, अमुक इतकं, अमुक वेळात. खाली दोन सह्या. डॉक्टरच्या सहीसाठी सोडलेली जागा कोरी. तिची सही लागली नाही मला; एक 'स' आणि पुढे शेपूट. सविता असेल, संगीता असेल. अकरा दिवस मी तिला सिस्टर म्हणत होतो. मग उगाच प्रत्येक पानावरच्या सह्या मोजत बसलो. सिस्टरांच्या दोनशेच्या वर गेल्यावर मोजणं सोडलं.